उणे एकाहत्तर

शनिवारी आणि रविवारी रात्री साडेआठ वाजता आमच्या घरात मोडी लिपीचा वर्ग भरतो. आई बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवत होती. निवृत्तीनंतर तिने मोडी शिकवायला घेतली आणि टाळेबंदीच्या काळात तो वर्ग कोथरूडच्या आमच्या मागच्या खोलीतून संगणकाच्या पडद्यावर गेला. विद्यार्थी नागपूरचे, चिपळूणचे, एक लंडनमधला, एक न्यू जर्सीतली. गेल्या पावसाळ्यात मात्र असे होऊ लागले की वर्गाला दहा मिनिटे झाली की कोणीतरी म्हणायचे, "बाई, आवाज तुटतोय तुमचा." मग आईचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडासह पडद्यावर थिजायचा, दुसऱ्या खोलीतून मी धावत यायचे, आणि कोपऱ्यात वाय-फायच्या सगळ्या कमानी भरलेल्या दिसायच्या. रेंज फुल आणि माणूस गायब.

अशा वेळी पहिला राग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर निघतो, तसा तो निघाला. मंगळवारी सकाळी एक तरुण मुलगा आला. त्याने फोनवर वेग तपासला, आईच्या लॅपटॉपवरही तपासला, आणि म्हणाला, "मॅडम, सिग्नल फुल आहे, लाइन क्लिअर आहे." तो खोटे बोलत नव्हता, मंगळवारी सकाळी सारे काही सुरळीतच होते. तक्रार बंद झाल्याचा संदेश तो जिना उतरायच्या आत माझ्या फोनवर आला.

त्या दिवशी मी ठरवले की कमानींवर विश्वास ठेवायचा नाही. किती भरल्या म्हणजे किती, याचा कोणताही सर्वमान्य नियम नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने त्या रंगवते. खरा आकडा त्यांच्या मागे असतो आणि तो डीबीएममध्ये मोजतात. सिग्नल मोजणारे एक फुकट ॲप फोनवर घेतले आणि ओलेत्या हाताने दिवा घेऊन तुळशीला प्रदक्षिणा घालावी तितक्या सावकाशीने मी घरभर फिरले. राउटर बाहेरच्या खोलीत, दूरदर्शनसंचाच्या मागे. त्याच्यासमोर उणे एकेचाळीस. मधल्या खोलीत उणे छप्पन. आईच्या टेबलाशी उणे एकाहत्तर.

"उणे एकाहत्तर म्हणजे काहीच नाही की गं," आई म्हणाली. इतिहासाच्या बाईंचा हा प्रश्न रास्त होता. या मापात शून्य म्हणजे एक मिलिवॅट. त्याहून कमी ते सगळे उणे, आणि प्रत्येक दहाची पायरी उतरताना शक्ती दहा पटींनी घटते. उणे दहा म्हणजे मिलिवॅटचा दहावा भाग, उणे वीस म्हणजे शंभरावा, उणे साठ म्हणजे एक नॅनोवॅट, उणे सत्तर म्हणजे त्याचाही दहावा हिस्सा. राउटरमधून निघताना हीच शक्ती शंभर मिलिवॅटच्या आसपास असते. म्हणजे तिकडून निघालेल्या ऊर्जेचा जेमतेम एक अब्जांश भाग आईच्या टेबलापर्यंत पोचत होता, आणि तेवढ्यावर मोडीचा वर्ग चालत होता. मला हे सांगताना तक्रारीपेक्षा आश्चर्यच अधिक वाटत होते. साधारणपणे उणे सदुसष्टपर्यंत आवाज आणि चित्र नीट चालते, उणे ऐंशीच्या पलीकडे जोडणी नावापुरती उरते; एकाहत्तर म्हणजे ना धड इकडे, ना धड तिकडे.

आकडा एका जागी स्थिर राहत नाही हेही तेव्हा कळले. फोन अर्धी वीत सरकवला तरी तो चार-पाचने हलतो, कारण वाय-फायच्या जुन्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरीची लांबीच साडेबारा सेंटिमीटर आहे. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून, छतावरून, कपाटावरून परतून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना हात देतात, तर कुठे एकमेकींना पुसून टाकतात. शाळेच्या पुस्तकात याला व्यतिकरण म्हणत. तेव्हा ते दोन फटींच्या आकृतीपुरते होते आणि परीक्षेनंतर त्याच्याशी संबंध येईल असे वाटले नव्हते. म्हणून एका ठिकाणी उभे राहून, थोडे इकडेतिकडे करून, मिनिटभराचा अदमास घ्यावा लागतो. शिवाय आपण स्वतःही आड येतो. माणसाच्या अंगात पाणीच पुष्कळ असते आणि पाणी या लहरी शोषते.

राउटर आणि आईची खोली यांच्यामध्ये काय काय होते ते मग मी ओळीने पाहिले. दूरदर्शनसंचाची धातूची पाठ. एक विटांची भिंत, तिला पावसात दरवर्षी येणारी ओल. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक सिग्नल खाते. नंतर आईचे लोखंडी कपाट, ज्याच्या दारावर पुरुषभर उंचीचा आरसा आहे. आरशामागचा मुलामा धातूचाच असल्यामुळे लहरींच्या दृष्टीने तोही पत्राच. अंतर फारसे नव्हते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले तर शक्ती चौथाईवर येते, म्हणजे आकडा सहाने उतरतो, यालाच सहा डेसिबल जाणे म्हणतात. उरलेले सारे या अडथळ्यांनी घेतले होते. राउटर तिथून काढून दोन खोल्यांमधल्या दारावरच्या फळीवर ठेवला, जिथे पूर्वी आजीचा देव्हारा होता. आईच्या टेबलाशी आकडा उणे एकोणसाठ झाला. बारा डेसिबल, म्हणजे जवळजवळ सोळा पट शक्ती, एका फळीच्या बदल्यात. मी खूश झाले, आणि शनिवारी पावणेनऊ वाजता न्यू जर्सीची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही दिसत नाही आहात."

खरे कोडे इथून सुरू झाले. सिग्नल चांगला असूनही बोलणे पोचत नसेल, तर दोष सिग्नलच्या जोरात नसतो, त्याच्या भोवतालच्या गलक्यात असतो. मंडईत आपण घरच्याइतक्याच आवाजात बोललो तरी समोरच्याला ऐकू येत नाही. रेडिओच्या जगात या पार्श्वभूमीच्या गलक्याची पातळी डीबीएममध्येच मोजतात, आणि सिग्नल तिच्यापेक्षा किती वर आहे यावर सगळे अवलंबून असते. शांत घरात ही पातळी उणे नव्वदच्याही खाली असते. सिग्नल तिच्यापासून पंचवीस डेसिबल वर राहिला तर काम छान चालते.

आईला मी हे तिच्या विषयातून समजावले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे. लिहिणाऱ्याला वेग मिळतो. पण वाचायला स्वच्छ कागद आणि चांगला उजेड लागतो. कागदावर डाग असतील तर माणूस आपोआप मोठे, सुटे, ठसठशीत अक्षर काढू लागतो. वाय-फायही नेमके हेच करते. शांतता असली की एका ठोक्यात सहा-आठ बिट दाटीवाटीने लिहिते; गलका वाढला की एका ठोक्यात एकच बिट, लहान मुलाच्या पाटीवरच्या अक्षरासारखे. तरीही वाचता आले नाही तर तेच पुन्हा लिहिते, पुन्हा पुन्हा लिहिते, आणि या पुनरावृत्तीत जो वेळ जातो तो चालू संभाषणाला परवडत नाही. जुन्या रेडिओत खरखर ऐकू येई, त्यामुळे काहीतरी मध्ये आले आहे हे पोराटोरांनाही कळे. नव्या यंत्रांनी खरखर आपल्यापासून लपवली आहे. ती फक्त गप्प होतात.

मध्ये आले होते ते काय? पहिला संशय शेजाऱ्यांवर. ॲपमध्ये आमच्या इमारतीतली आणि समोरची मिळून तेवीस नावे दिसत होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात तेरा चॅनेल आहेत असे कागदावर दिसते. पण ती एकमेकांपासून पाच मेगाहर्ट्झवर बसवलेली आहेत आणि प्रत्येकाला वीस मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणजे तेरा जणांच्या बाकावर खरे तर तिघेच नीट बसू शकतात: एक, सहा आणि अकरा. आमचा राउटर चारवर होता. मला वाटत होते की एक आणि सहावर गर्दी असल्यामुळे मधली जागा बरी. ते उलटे निघाले. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात. दुसरा बोलत असेल तर थांबतात, तो थांबला की क्षणभर वाट पाहून आपले बोलतात. सभेतली शिस्तच ती. वेळ वाटून घ्यावा लागतो, पण शब्द वाया जात नाही. अर्धवट शेजारच्या चॅनेलवरचा मात्र ना समजतो, ना गप्प बसतो. भिंतीपलीकडच्या भांडणासारखा तो नुसता कानावर आदळत राहतो. मी अकरावर गेले. तिथेही चौघे होते, पण वर्ग थोडा सुधारला.

राउटरची शक्ती वाढवण्याचा सल्ला मला तिघांनी दिला, आणि तो मी मानला नाही याचे मला अजूनही समाधान आहे. राउटर मोठ्याने बोलू लागला तर लॅपटॉपला तो ऐकू येईल, पण लॅपटॉपचा आवाज काही त्यामुळे वाढत नाही. गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावरचे बोलणे चार गल्ल्यांत ऐकू जाते, म्हणून चौथ्या गल्लीतल्या माणसाचे उत्तर मांडवापर्यंत येत नाही. आईच्या वर्गात तर तुटत होता तो जाणारा आवाज, येणारा नव्हे. शिवाय कर्णा वाढवला की शेजारीही वाढवतात.

दुसरा संशय समोरच्या वहिनींच्या मायक्रोवेव्हवर. आईची खोली आणि त्यांचे स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे, आणि साडेआठ ही जेवणे गरम करण्याची वेळ. मायक्रोवेव्ह आणि वाय-फाय एकाच पट्ट्यात असण्यामागे योगायोग नाही. १९४७ साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रेडिओपट्ट्यांची वाटणी झाली, तेव्हा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी काही तुकडे बाजूला काढले गेले. त्यातला एक हा. तापवणारी, शेकणारी यंत्रे तिथे हवा तेवढा गोंगाट करोत, संदेशवहनवाल्यांनी तक्रार करायची नाही, असा त्याचा भावार्थ. अमेरिकेने १९८५ साली याच उकिरड्यावर परवान्याविना संदेश पाठवायला मुभा दिली, १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले, आणि भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. फुकट जागा होती म्हणून आपण तिथे घर बांधले. शेजार आधीपासूनचा आहे.

वहिनींना सांगून एका दुपारी आम्ही प्रयोग केला. त्यांनी पेलाभर पाणी ठेवून दोन मिनिटे यंत्र लावले. मी भिंतीच्या अलीकडे बसून राउटरला दर सेकंदाला हाक मारत होते, म्हणजे ज्याला पिंग म्हणतात ते. चार मिलिसेकंद, पाच, चार. यंत्र सुरू झाले आणि नव्वद, तीनशे दहा, उत्तर नाही, सहाशे. यंत्राचा टिंग झाला आणि पुन्हा चार. दारातून निसटणारी ऊर्जा माणसाला अपाय करण्याइतकी नसते, पण जिथे वर्ग नॅनोवॅटवर चालतो तिथे आठशे वॅटच्या भट्टीची फट पुरेशी होते. वहिनी बिचाऱ्या म्हणाल्या, "मी साडेआठच्या आत जेवण गरम करून घेत जाईन." त्यांनी तसे केलेही. आणि वर्ग तरीही तुटत राहिला, कारण मायक्रोवेव्ह दोन मिनिटे चालतो आणि वर्ग दीड तास.

या टप्प्यावर मला ऑस्ट्रेलियातली पार्क्सची दुर्बीण आठवली. चौसष्ट मीटर व्यासाच्या त्या रेडिओ दुर्बिणीत १९९८ पासून मधूनमधून एक चमत्कारिक क्षणिक स्फुरण नोंदले जात होते. ते दूरच्या आकाशातून आल्यासारखे दिसे, पण सगळ्या दिशांनी एकदम येई. २०१५ साली उलगडा झाला: वेधशाळेतलेच कोणीतरी मायक्रोवेव्ह बंद व्हायची वाट न पाहता दार उघडत होते. याच देशातल्या खगोल-रेडिओवाल्यांनी परतून येणाऱ्या लहरींच्या गुंत्यावर जो तोडगा काढला, त्याला १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले आणि तो पुढे वाय-फायच्या कामी आला, ही गंमत वेगळी. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. नारायणगावहून तिकडे गेलो होतो तेव्हा फोन बंद करायला सांगितले होते, आणि तेव्हा मला ती उगीचची शिस्त वाटली होती. आता वाटते, या शास्त्रज्ञांना दूरच्या शत्रूपेक्षा घरच्या उपकरणांची धास्ती जास्त असते. रेडिओ वेधशाळांमध्ये स्वतःचे संगणकच धातूच्या पिंजऱ्यात बंद करून ठेवतात.

तेव्हा शेजार पुरे, आता घर. पुढच्या शनिवारी वर्ग सुरू असताना मी आईच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तिचा लॅपटॉप म्हणजे माझा जुना मॅक; त्यात ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर टिचकी दिली की सिग्नल आणि गलका असे दोन्ही आकडे दिसतात. आठ पस्तीसला सिग्नल उणे एकोणसाठ, गलका उणे ब्याण्णव. तेहतीस डेसिबलची ऐसपैस जागा. आईने चष्मा लावला, खणातून काळ्या पाकिटातली पोर्टेबल हार्ड डिस्क काढली, तिची वीतभर वायर लॅपटॉपच्या डाव्या बाजूला खोचली, आणि पेशवेकालीन पत्रांच्या छायाप्रती उघडल्या. गलका उणे शहात्तर.

मी ती वायर उपसली. उणे ब्याण्णव. पुन्हा खोचली. उणे शहात्तर.

तंत्रज्ञ मुलगा आला तेव्हा ही डिस्क खणात होती. मी घरभर फिरले तेव्हाही खणातच होती. ती फक्त वर्गात बाहेर यायची, कारण पत्रे तिच्यावर होती. यूएसबी ३.० ची जोडणी सेकंदाला पाच अब्ज बिट पळवते आणि त्या धावपळीचा विद्युत-गलका थेट अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वाय-फायच्याच पट्ट्यावर पसरतो. झाकण पातळ, वायर स्वस्तातली, आणि लॅपटॉपचा अँटेना तिथून चार बोटांवर. इंटेल कंपनीने २०१२ साली स्वतःच यावर टिपण काढले होते, आणि त्यात हार्ड डिस्क जोडल्यावर गलका सुमारे वीस डेसिबलनी वाढल्याची नोंद आहे. दहा वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट छापील होती, आणि मी कपाटे सरकवत बसले होते. फक्त एक बाब माझी मलाच नीट जुळवायची होती: येणारा आवाज ठीक आणि जाणारा तुटका, हे कसे? गलका तर आईच्या कानाशी होता. नंतर उमगले की स्वतः काही पाठवण्याआधी लॅपटॉप हवा मोकळी आहे का हे ऐकतो, आणि पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोचही त्याला ऐकू यावी लागते. ती ऐकू आली नाही की तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. रांग तुंबते, आणि आधी बोलणारा थिजतो.

उपाय अनेक सुचले. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावे, तर तिथे हा गलका नाही आणि चॅनेलही मुबलक, पण आमच्या ओल्या भिंतीपुढे त्या आखूड लहरी हात टेकत होत्या. सरळ तार ओढावी, तर भिंत फोडायला आईचा नकार. चांगल्या आवरणाची लांब वायर मागवावी, तर ती येईपर्यंत चार दिवस. मी हे सगळे हिशेब करत असताना वर्ग थांबलेला होता, आणि नागपूरच्या आजोबांचा "बाई, आहात का?" असा आवाज दोनदा येऊन गेला.

आई शांतपणे म्हणाली, "फिरवून बघितलंस का?"

लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात ट्रान्झिस्टर होता. खालच्या मजल्यावर मिक्सर लागला की त्यात खरखर सुरू व्हायची, आणि आई पोळी लाटता लाटता पिठाच्या हाताने, करंगळीने तो ट्रान्झिस्टर काटकोनात वळवायची. खरखर जायची, गाणे राहायचे. आत जो काळा दांडा असतो त्याचे टोक गोंगाटाकडे वळवले की तो गोंगाट ऐकेनासा होतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

लॅपटॉप काही ट्रान्झिस्टर नाही, हे सांगायला मी तोंड उघडले होते. तोवर तिने डिस्क डावीकडून उपसून उजवीकडच्या खाचेत लावली, वायर ताणून ती टेबलाच्या पार कडेला, पंचांगावर नेऊन ठेवली, आणि माझ्याकडे न बघता विचारले, "आता उणे किती?"

उणे एकोणनव्वद.

"बरं," आई पडद्याकडे वळून म्हणाली, "तिसऱ्या ओळीत होतो आपण."